कारवानीची ओळख

मागच्या उन्हाळ्यात, भर दुपारच्या वेळी, सातवीतला एक मुलगा आमच्या ओसरीवर येऊन बसला. हातात वडिलांचा मोबाइल. म्हणाला, "गुरुजी, हे कुत्रं पाहा. अंगावर वाघावानी पट्टे हायेत. जपानचं हाय म्हणं. आपल्या पेडगावात आणता येतं का?"

चित्र खरोखरच पाहण्यासारखे होते. ताठ कान, पाठीवर वळलेली शेपटी, काळ्या-तपकिरी अंगावर पुसट पट्टे आणि पाहणाऱ्यावर रोखलेली नजर. मी त्याला म्हटले, "आणायचे की नाही ते मागून ठरवू. आधी हे कोण, कुठले, ते तर विचारू या." पाहुणा घरी आणावयाचा म्हणजे त्याचे गाव-गोत विचारणे ही आपल्याकडची रीतच आहे. मग आठ दिवस आम्ही दोघांनी मिळून जपानी कुत्र्यांची माहिती जमविली. आज जी हकीकत मी आपणांस सांगणार आहे ती त्या आठ दिवसांतून निघाली. ती जपानात सुरू होते आणि आमच्याच शेतातल्या आखाड्यावर येऊन थांबते, हे आधीच सांगून ठेवतो. नाही तर आपण म्हणाल, गुरुजींची गाडी रूळ सोडून भलतीकडे चालली!

मुलाने दाखविलेल्या कुत्र्याचे नाव काई. जपानच्या मूळच्या कुत्र्यांच्या आज सहा जाती मानतात: अकिता, शिबा, किशू, शिकोकू, होक्काइदो आणि काई. त्यांतले काई हे यामानाशी या डोंगराळ मुलखातले. त्या मुलखाचे जुने नाव काई, म्हणून कुत्र्याचेही नाव तेच. आपल्याकडे नाही का, देवणीचा बैल म्हणजे देवणी आणि कंधारचा म्हणजे लाल कंधारी! डोंगरातले शिकारी त्याला घेऊन हरणे आणि रानडुकरे धरावयास जात. गंमत अशी की पिलू जन्मते तेव्हा ते बहुधा एकरंगी, काळसर असते. पट्टे पुढे वाढत्या वयाबरोबर उमटतात. कधी कधी त्याला काही वर्षे लागतात. स्वभावही तसाच हळूहळू उमटणारा. घरच्या माणसांना जीव लावील, पण परक्याने एकदम डोक्यावर हात ठेवलेला त्याला खपत नाही. ज्याला काईशी ओळख करून घ्यावयाची आहे त्याच्या अंगी सबुरी पाहिजे.

ही कुत्री दुर्मिळ का झाली, हे वाचताना मात्र मला आपलेच काही वाचतो आहोत असे वाटू लागले. १८६८ नंतर जपानने आपली दारे बाहेरच्या जगाला उघडली. कापड आले, यंत्रे आली, त्यांच्याबरोबर विलायती कुत्रीही आली. विलायती कुत्रे दारात असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण ठरले. अकिता प्रांतात कुत्र्यांच्या झुंजी लावीत. झुंजीसाठी मोठे धिप्पाड कुत्रे हवे म्हणून परदेशी नराशी संकर होऊ लागला. पन्नास-साठ वर्षांत अशी पाळी आली की जुन्या अस्सल वळणाचे कुत्रे शोधावयास शहरे सोडून डोंगरातल्या खेड्यांत जावे लागे. सायतो हिरोकिची नावाच्या गृहस्थांनी १९२८ मध्ये जपानी कुत्र्यांच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. ही मंडळी गावोगाव हिंडली, कुत्री पाहिली, त्यांच्या नोंदी केल्या. पुढे सरकारनेही लक्ष घातले. जुनी मंदिरे, जुने वृक्ष यांना संरक्षण देतात तसे या कुत्र्यांना राष्ट्राचा नैसर्गिक ठेवा म्हणून संरक्षण मिळाले. १९३१ मध्ये अकिताला, १९३४ मध्ये काई आणि किशूला, १९३६ मध्ये शिबाला आणि १९३७ मध्ये शिकोकू व होक्काइदोला.

अकिता म्हटले की हाचिकोची गोष्ट आलीच. शिक्षकबंधूंपैकी पुष्कळांनी ती वर्गात सांगितलीही असेल. पण तिच्यातली एक बाजू आपणां शेतकरी मंडळींना सहसा कोणी सांगत नाही. हाचिकोचे धनी उएनो हिदेसाबुरो हे टोकिओच्या विद्यापीठात शेतीचे प्राध्यापक होते. तेही कसल्या शेतीचे? तुकड्यातुकड्यांच्या जमिनी एकत्र कशा कराव्या, शेतात पाणी कसे आणावे आणि साचलेले पाणी बाहेर कसे काढावे, या विषयाचे. आपल्याकडे जायकवाडीचा कालवा आला तेव्हा ज्या प्रश्नांनी आपण हैराण झालो, तेच प्रश्न सोडविण्यात या गृहस्थांचे आयुष्य गेले. त्यांच्याकडे १९२४ च्या जानेवारीत ओदातेहून रेल्वेने एक पिलू आले, तोच हाचिको. रोज तो धन्याला आणावयास शिबुया स्टेशनवर जाई. १९२५ च्या मे महिन्यात प्राध्यापक विद्यापीठातच अचानक वारले. म्हणजे दोघांचा सहवास सुमारे सव्वा वर्षाचा. त्यानंतर हाचिको जवळजवळ दहा वर्षे, म्हणजे ८ मार्च १९३५ रोजी मरेपर्यंत, त्या स्टेशनकडे येत राहिला. १९३२ मध्ये सायतो हिरोकिची यांनीच वर्तमानपत्रातून त्याची हकीकत लोकांपुढे मांडली, आणि १९३४ मध्ये, तो जिवंत असतानाच, स्टेशनसमोर त्याचा पुतळा उभा राहिला. युद्धात धातू कमी पडला तेव्हा तो पुतळा वितळविला गेला. आज जो दिसतो तो १९४८ मध्ये बसविलेला दुसरा.

आमच्या पेडगावलाही रेल्वे स्टेशन आहे आणि तिथेही दोन-चार गावठी कुत्री कायम असतात. मुलाने विचारले, "ती पण कुणाची वाट पाहातेत का?" मी म्हटले, "वडापावाची." पण त्याचा प्रश्न काही माझ्या मनातून गेला नाही.

आता एक वाईट बातमी. १९३४ मध्ये ज्यांना राष्ट्राचा ठेवा म्हटले त्यांत आणखी एक जात होती, कोशी नावाची. सरकारी कागदावर ती चढली, तिचे कौतुक झाले, आणि पुढे ती नाहीशी झाली. आज कोशी कुत्रे जगात कुठेही नाही. कागद होता, पण दाव्याला जनावर उरले नाही. सहा जाती टिकल्या त्या सरकारच्या हुकमाने टिकल्या असे नव्हे. कुणी तरी आपल्या अंगणात त्यांची पिले वाढविली, कुणाची आई कोण आणि बाप कोण हे वहीत लिहून ठेवले, म्हणून टिकल्या.

तर मुलाच्या मूळ प्रश्नाचे उत्तर काय द्यावे? मी त्याला बाहेर अंगणात नेले. परभणीचा मे महिना आपणांस मी काय वर्णन करून सांगू! पारा चाळिशीच्या वरच असतो. जपानी कुत्र्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वरचा राठ आणि आतला लोकरीसारखा. डोंगरातल्या बर्फासाठी देवाने दिलेली ती घोंगडी. ती पांघरून त्याने आपल्या काळ्या रानात जून येईपर्यंत कसे दिवस काढावे? पैसा खर्च करून आणलेही, तरी ते थंड खोलीत कोंडून ठेवावे लागेल; आणि रानात हिंडणारे कुत्रे कोंडून ठेवावयाचे तर आणावयाचे कशाला? मुलाला हे पटले. जरा वेळाने तो म्हणाला, "मग आपल्याकडचं असं कुत्रं नसतं का, गुरुजी?"

श्रोतेहो, हा प्रश्न ऐकून मी खरोखरच ओशाळलो. कारण ज्या ओसरीवर तो बसला होता त्याच ओसरीवर बारा वर्षे आमची हरणी बसत असे, आणि हरणी कारवानी होती. ती २०१५ मध्ये गेली. आज सातवीत असलेल्या मुलाने कारवानी कुत्रे डोळ्यांनी पाहिलेले नाही, आणि ते आपल्याच मराठवाड्याचे आहे हे त्याला ठाऊक नाही. यात त्याचा काय दोष?

कारवानी म्हणजे कारवाँबरोबरचे. तांडे, फिरस्ते, व्यापारी यांच्या गाड्यांमागून ही कुत्री दख्खनेत आली असे जाणकार मानतात. इराण-अरबस्तानाकडच्या शिकारी कुत्र्यांशी त्यांचे रूप जुळते. ज्याच्या कानांवर आणि शेपटीवर लांब रेशमी केस असतात त्याला पश्मी म्हणतात. पश्म म्हणजे फारसीत लोकर. लातूर जिल्ह्यात आणि आसपास जुन्या माणसांना ही दोन्ही नावे चांगली माहीत आहेत. तेच कुत्रे कर्नाटकात मुधोळ म्हणून ओळखले जाते. मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची हौसेने जोपासना केली आणि विलायतेच्या बादशहाला एक जोडी नजर केली असे सांगतात. कुत्र्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या आपल्या देशातल्या दोन मोठ्या संस्थांतही या नावावर एकमत नाही. एक त्याला कारवान हाउंड म्हणते आणि दुसरी मुधोळ हाउंड. नावात काय आहे म्हणून आपण सोडून द्यावे, पण नावाबरोबर लक्षही जाते. २००५ च्या जानेवारीत टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली. त्यांत मुधोळ होते. कर्नाटकात मुधोळजवळ तिम्मापूरला या कुत्र्यांसाठी संशोधन केंद्र निघाले. २०१६ मध्ये तिथली पिले लष्कराच्या मेरठच्या केंद्रात शिकविण्यासाठी नेली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु-आनुवंशिक संस्थेने देशी कुत्र्यांच्या ज्या पहिल्या जाती नोंदविल्या त्यांत तामिळनाडूच्या राजपालयम आणि चिप्पीपाराई यांच्याबरोबर मुधोळ आहे. शेजाऱ्याने आपले म्हणून जपले. त्याचे मला वाईट वाटत नाही, उलट कौतुक वाटते. वाईट वाटते ते आपल्या गप्प बसण्याचे.

असो. कारवानीशी ओळख कशी होते ते सांगतो, कारण पुस्तकातल्या माहितीने ती होत नाही.

२००३ च्या दिवाळीनंतर लातूरकडच्या एका नातेवाइकाने मला दोन महिन्यांचे पिलू दिले. पाटीत घालून, वर फडके बांधून, मी ते एस.टी.तून आणले. रंग पिकल्या गव्हासारखा. पाय एवढे लांब की त्याचे त्यालाच आवरत नव्हते. माझी आई पाहून म्हणाली, "बाबा, हे कुत्रं हाय का हरणाचं पाडस?" तेच नाव पडले. वाढल्यावर ती खांद्यापाशी सव्वादोन फुटांच्या जवळपास भरली. तोंड लांब आणि निमुळते, छाती खोल, पोट आत ओढलेले, बरगड्यांच्या रेघा आणि कमरेची हाडे वरून दिसत. कारवानीचे अंग असेच असते, ते उपासमारीचे लक्षण नव्हे. पण हे लोकांना कोण समजावणार! येणारा-जाणारा म्हणे, "गुरुजी, पगार पुरंना का? कुत्र्याला खाया घालीत जा की." आमच्या घरच्या मंडळींना हे बोलणे फार लागे. शेवटी तिने पाहुण्यांसमोर मुद्दाम हरणीला दूध-भाकरी कालवून द्यावयास सुरुवात केली; आणि हरणी पाहुण्यांसमोर तोंडही लावीत नसे!

कारण ती लाजाळू नव्हती, पण मानी होती. गावठी कुत्र्याला आपण यू यू केले की ते शेपूट हलवीत येते, लोळण घेते. हरणीने तीन महिने माझ्या हातून भाकरीचा तुकडा घेतला नाही. थाळीत टाकला आणि मी दूर गेलो की खाई. आखाड्यावर बैलगाडीच्या खाली तिची जागा. मी वाकून पाहिले की ती मान वळवी. मी शिक्षक माणूस. चाळीस पोरांना दरडावून सरळ करणारा. मला वाटले, हिलाही शिस्त लावू. साखळी आणली, गळ्यात पट्टा घातला, खुंटीला बांधली. दोन दिवस तिने अन्नाला शिवून पाहिले नाही. कातडी पातळ, त्यामुळे मानेला चट्टा पडला. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो साखळी तिथे, पट्टा तिथे, हरणी नाही. या कुत्र्याची मान जवळजवळ डोक्याएवढीच जाड असते; साधा पट्टा डोक्यावरून सहज निघतो. बांधावेच लागले तर रुंद, मऊ चामड्याचा, मानेला बेताचा बसणारा पट्टा हवा, हे मला नंतर कळले.

संध्याकाळी ती आपण होऊन आली. आमचा सालगडी मला म्हणाला, "गुरुजी, तुम्ही तिच्याकडं पाहू नगा. पाठ करून बसा." हा माणूस शाळेत गेलेला नव्हता, पण जनावरांचे त्याला जेवढे कळे तेवढे मला माणसांचेही कळत नव्हते. मी त्याचे ऐकले. रोज संध्याकाळी शाळेतून येऊन गाडीजवळ, तिच्याकडे पाठ करून, वर्तमानपत्र वाचीत बसू लागलो. पंधरा-वीस दिवस गेले असतील. एके दिवशी पाठीला काही तरी टेकले. मी हललो नाही. हरणी उभी राहून माझ्या पाठीवर आपले अंग रेलून राहिली होती, एखाद्या दमलेल्या माणसाने भिंतीला टेकावे तशी. कारवानीची माया दाखविण्याची हीच पद्धत. ती चाटाचाट करीत नाही, उड्या मारीत नाही, येऊन टेकते. त्या दिवसापासून बारा वर्षे ती माझी होती. परक्या माणसाचा हात मात्र तिने शेवटपर्यंत अंगाला लागू दिला नाही. म्हणून ज्यांच्या घरी कारवानी आहे त्यांनी आल्या-गेलेल्यांना आधीच सांगावे, आणि लहान मुलांना तर बजावूनच ठेवावे.

दुसरी ओळख तिच्या डोळ्यांची. पुष्कळ शिकारी कुत्री वासावरून माग काढतात. कारवानी डोळ्यांनी शिकार करते. दूरवर काही हलले की तिचे सारे अंग ताणले जाते, आणि एकदा ती सुटली की मग तिला तुमची हाक ऐकू येत नाही. हरभऱ्याचे दिवस होते. आमच्या रानाच्या पलीकडे काळविटांचा कळप उतरला होता. हरणी बांधावरून सुटली ती रेल्वेच्या रुळाकडे. गाडीची शिट्टी ऐकू आली तेव्हा माझ्या पायांतले बळ गेले. ती तासाभराने परत आली, बाभळीच्या काट्याने मांडी फाटलेली. कळप निसटला होता, हे माझे आणि कळपाचे दोघांचे नशीब. श्रोतेहो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची किंवा सशाची शिकार हा गुन्हा आहे. आजोबांच्या काळी कारवानी पाळीत ती शिकारीसाठी. तो धंदा संपला आणि तो संपला हे बरेच झाले. पण कुत्र्याच्या अंगातली धाव संपलेली नाही. तिला रोज मोकळे धावता आले पाहिजे, तेही कुंपण असलेल्या रानात किंवा आपल्या देखरेखीखाली. ज्याच्याकडे तेवढी जागा आणि तेवढा वेळ नाही, त्याने कारवानी पाळू नये. मी हे स्पष्टच सांगतो.

खाण्याचे म्हणाल तर नुसत्या ज्वारीच्या भाकरीवर हे कुत्रे उभे राहत नाही. भाकरी असू द्या, पण तिच्याबरोबर अंडे, मांस, निदान ताक-दूध आणि डाळ हवी. वाढत्या पिलाला तर हवीच हवी. अंगावर चरबी नसल्याने पौषातली थंडी त्याला बाधते. निजावयाला पोते किंवा जुनी गोधडी द्यावी. शस्त्रक्रियेची वेळ आली तर हे कुत्रे या जातीचे आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण अशा सडपातळ कुत्र्यांना गुंगीच्या औषधाचे प्रमाण जपून द्यावे लागते. आपल्या परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यातल्या लोकांनी त्याचा उपयोग करून घेतला पाहिजे.

आणि लस. यात मी कुणाचे काही ऐकून घेत नाही. कुत्रे गावठी असो, कारवानी असो की जपानहून आलेले असो, तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे वेळच्या वेळी पुन्हा. त्याआधी, दीड-दोन महिन्यांपासूनच, पिलांच्या इतर साथींच्या लसी सुरू कराव्या लागतात. कुत्रे चावले तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा. हळद-मिरची भरीत बसू नये. इंजेक्शने सांगतील तितकी सगळी घ्यावी. दोन घेऊन बरे वाटले म्हणून सोडू नये. रेबीज एकदा अंगात उठला की त्यावर उपाय नाही.

आता माझी चूक सांगतो. सांगावयास जड जाते, पण तिच्यासाठीच तर हे भाषण.

२००६ मध्ये हरणीला पहिली पिले झाली. बाप अस्सल कारवानी होता. गावाबाहेर उतरलेल्या एका फिरस्त्या कुटुंबाचा, काळा कुळकुळीत. साठ-त्रेसष्ट दिवसांनी पाच पिले झाली, त्यांतली दोन बापासारखी काळी. काय रुबाब होता! दोन महिने झाले आणि मागणारे येऊ लागले. मी वाटीभर विरजण द्यावे तशी पिले देऊन टाकली. एक मानवतकडे, एक पाथरीकडे, एक जिंतूरकडे, दोन आणखी कुठे. कुणाला दिले ते लिहून ठेवले नाही. त्या फिरस्त्या माणसाचे नाव विचारले नाही, तो कुठून आला, कुठे जाणार, हेही विचारले नाही. शाळेच्या हजेरीपटात एक खाडाखोड झाली तर जीव खालीवर होणारा मी. पण घरच्या कुत्रीच्या वंशावळीची एक ओळ लिहावी असे मला सुचले नाही.

पुढे दोन वर्षांनी तिच्यासाठी जोड शोधू लागलो तेव्हा जोड मिळेना. ज्यांच्याकडे नर होता असे ऐकले, तिथे गेलो तर तो मेलेला किंवा विकलेला. एका ठिकाणी दाखविला तो नुसताच उंच, कान उभे. कारवानीचे कान डोक्याला लागून खाली पडलेले असतात. मी हात हलवीत परतलो. तेवढ्यात हरणी माजावर आली आणि गावातल्या कुत्र्यापासून तिला पिले झाली. पिले गोजिरवाणी होती, चलाख होती, त्यांतले एक तर आमच्या आखाड्यावर आठ वर्षे इमानाने राहिले. गावठी कुत्र्याला मी कमी लेखीत नाही. खंडोबाच्या दारी आणि दत्तगुरूंच्या पायाशी कुत्रे बसते ते काही जात विचारून बसत नाही. पण ती पिले कारवानी नव्हती. हरणीबरोबर आमच्या दारचा तो वेल तुटला.

विचार करा, देवणीचा किंवा लाल कंधारी वळू दारात असला तर त्याची आई किती दूध देत होती आणि त्याचा आजा कुठल्या गावचा होता, हे आपला शेतकरी तोंडपाठ सांगतो. मग कुत्र्याच्याच बाबतीत आपण इतके बेफिकीर का? एवढेच की त्याला बाजारात भाव नव्हता. आता तोही येऊ लागला आहे, आणि भाव आला की लबाडीही येते. कुठलेही लांब पायांचे कुत्रे कारवानी म्हणून गळ्यात मारतात. म्हणून पिलू घ्यावयाचे तर त्याची आई डोळ्यांनी पाहावी, जमल्यास बापही पाहावा, आणि दोन महिन्यांच्या आत पिलू आईपासून तोडू नये.

त्या मुलाला मी हे सगळे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मग आता लिहू की." आणि त्याने खरोखरच दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर त्याने हरणी लिहिली: आली २००३, गेली २०१५, रंग गव्हाळ, आई लातूर जिल्ह्यातली. पाच पिलांपुढे मला आठवतील ती गावे लिहिली. आम्ही त्या पिलांचा माग काढावयास निघालो. दोघांचा पत्ता लागला. दोन्ही केव्हाच मेलेली, एकाची पुढची संतती कुठे आहे ते कुणाला सांगता येईना. तिघांपुढे त्याने नुसती रेघ ओढली आहे.

आपल्याकडे कारवानी किंवा पश्मी असेल तर शिक्षकबंधूंनो, आपल्या शाळेतही अशी एक वही घालता येईल. खर्च काही नाही. जन्मसाल, रंग, खांद्यापाशी उंची, आई कोणाची, बाप कोणाचा, पिले कुठे गेली. मुलांना मोजमाप येते, चौकशी येते, कुत्र्याच्या मालकाशी बोलावे लागते. जवळच नांदेड जिल्ह्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तिथे घोडे आणि गाढवे यांचा मोठा बाजार असतो आणि कुत्र्यांचेही प्रदर्शन भरविले जाते. एका दिवसात जेवढी कारवानी तिथे पाहावयास मिळतील तेवढी गावोगाव हिंडून वर्षात मिळणार नाहीत. वही घेऊन तिथे जावे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलो होतो. तिथे एका शेतकऱ्याकडे गव्हाळ रंगाची कुत्री असल्याचे कळले होते. पाहताच माझ्या छातीत कळ आली. तीच मान, तीच उभी राहण्याची ऐट. मालकाला तिची आई माहीत होती, तिचे नाव त्यांनी सांगितले. आजी कोणाची होती ते त्यांच्या वडिलांना ठाऊक होते, पण वडील आता नाहीत. मुलाने आईचे नाव लिहिले आणि खालची ओळ कोरी सोडली. कुत्री बाजेच्या पलीकडे उभी राहून आमच्याकडे पाहत होती. मुलगा हात पुढे करणार, तेवढ्यात मी त्याला खुणावले. त्याने वही मिटली आणि तिच्याकडे पाठ करून तो जमिनीवर बसला. मालक हसून म्हणाले, "गुरुजी, तुमची गाडी जाईल बरं का." अर्धा तास झाला असेल. ती दोन पावले पुढे आली होती, आणि आमची गाडी गेली होती.